कायद्यात बसते, म्हणून काय झाले?

आम्ही वकिली करतो. त्यामुळे ‘यात बेकायदेशीर असे काय आहे?’ हा प्रश्न आमच्या कानांवरून दिवसातून दहा वेळा तरी जातो. अशील तो विचारतो तेव्हा आमचे काम सोपे असते. पुस्तक उघडावे, कलम काढावे आणि उत्तर द्यावे. परंतु हाच प्रश्न समाज विचारू लागला, आणि कलम सापडले नाही म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानू लागला, तर तेथे वकिलानेच उठून ‘थांबा’ म्हणणे प्राप्त होते.

निमित्त लहानसे घडले. गेल्या कार्तिकात आमच्या देवस्थानच्या सभामंडपात प्रवासवर्णनपर दोन शब्द बोलण्याची पाळी आमच्यावर आली. तीन वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेच्या वायव्य टोकास, वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहरी, धाकट्या बंधूंकडे काही महिने राहिलो होतो आणि तेथील थंड समुद्रात पाठीवर हवेची टाकी बांधून बुड्या मारल्या होत्या. त्या पाण्यातील एका कड्याविषयी, तेथे राहणाऱ्या अष्टपादांविषयी आणि त्यांच्या रक्षणार्थ २०१३ साली झालेल्या एका नियमाविषयी आम्ही सांगितले. सभा संपल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी, जे स्वतः कायद्याचे पदवीधर आहेत, आम्हाला बाजूस घेऊन तीन आक्षेप घेतले. पहिला, ज्याने तो प्राणी मारला त्याच्याकडे परवाना होता, मग ओरड कसली? दुसरा, तो प्राणी दुर्मिळ नाही असे सरकारच म्हणते, मग रक्षण कशाला? तिसरा, आणि हा त्यांनी हसत हसत घेतला, आपण सगळे मासे खाणारे लोक. सातासमुद्रापलीकडच्या अष्टपादाचा कळवळा आपल्याला का यावा? तेथे जेवणाची पाने वाढली गेली होती, म्हणून वाद पुढे सरकला नाही. तो येथे पुरा करतो. आमचे स्नेही हा अंक वाचतात, हे आम्हास ठाऊक आहे.

प्रथम स्थळ समजून घेतले पाहिजे. कारण सारा वाद स्थळाचाच आहे.

प्यूजेट साउंड हा पॅसिफिक महासागराचा जमिनीत खोल शिरलेला फाटा. त्याच्या दक्षिण भागात जाणारे आणि तेथून परतणारे बहुतेक सारे पाणी टॅकोमाजवळच्या एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून वाहते. तिला टॅकोमा नॅरोज म्हणतात. रुंदी मैलाच्या आत. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि त्याही सारख्या उंचीच्या नव्हेत. एक थोरली, एक धाकटी. एवढे पाणी एवढ्याशा दारातून आतबाहेर करू लागले म्हणजे त्याला वेग किती येत असेल, याची कल्पना मांडवीच्या मुखाशी उभे राहणाऱ्यासही येणार नाही. मोठ्या भरतीच्या दिवशी तेथील प्रवाह ताशी पाच सागरी मैलांच्या घरात जातो. धडधाकट पोहणारा पाण्याखाली पोशाखाच्या भारासह ताशी एक मैल टिकून पोहू शकला तरी पुष्कळ. म्हणजे माणूस आणि पाणी यांची लढाई तेथे लढाई नव्हेच. याच सामुद्रधुनीवर १ जुलै १९४० रोजी झुलता पूल वाहतुकीस खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून खाली कोसळला. तो वाऱ्याने पडला, पाण्याने नव्हे. परंतु त्याचे अवशेष अद्याप तळाशी आहेत आणि त्यांवर समुद्रजीवांनी वस्ती केली आहे. १९९२ साली त्या अवशेषांची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. पडलेल्या लोखंडालाही जेथे कायद्याने संरक्षण मिळाले, तेथे शेजारच्या जिवंत कड्याला ते मिळण्यास आणखी एकवीस वर्षे लागली, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

तो कडा डे आयलंड नावाच्या जागेजवळ आहे. दाबाने दगडासारख्या घट्ट झालेल्या मातीच्या पायऱ्या, कपारी आणि बिळे पाण्याखाली एकाखाली एक उतरत जातात. पाणी इतके थंड की उन्हाळ्यातही बिनपोशाखी माणूस फार वेळ टिकणार नाही. अंगात पाणी शिरू न देणारा कोरडा पोशाख घालावा लागतो आणि तो वापरण्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. आम्ही ते पंचेचाळिसाव्या वर्षी घेतले आणि शिकवणाऱ्याची पुष्कळ करमणूक केली. पाण्याचा रंग निळा नव्हे, हिरवा. दहा-पंधरा हातांपलीकडे दिसेनासे होते. परंतु हातातील दिवा कड्यावर पडला की बोटभरही जागा उघडी आढळत नाही. पांढरी समुद्रफुले, बार्नॅकल, स्पंज, तारामासे, कुर्ल्या एकमेकांना खेटून बसलेल्या. बिळांच्या तोंडाशी वुल्फ ईल, आपल्या वामेसारखा लांबोडा मासा, नरमादी शेजारी शेजारी डोकी बाहेर काढून पाहत असतात. आणि मोठ्या कपारीत तेथील अष्टपाद, जगातील सर्वांत मोठ्या जातीचा.

एवढी दाटी कशामुळे? प्रवाहामुळे. जो प्रवाह माणसाला वाहून नेतो, तोच दिवसातून चार वेळा सूक्ष्म अन्नाने भरलेले पाणी त्या भिंतीवरून फिरवतो. चिकटून बसलेल्या जिवाला जेवणासाठी कोठे जावे लागत नाही. पानात वाढून येते. शांत पाण्यातील कडा एवढा समृद्ध होत नाही.

अशा जागी उतरायचे तर पाण्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती दिवसातून मोजकीच मिनिटे मिळते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी, किंवा ओहोटी संपून भरती लागण्यापूर्वी, पाण्याची ओढ क्षणभर थांबते. तेथील पाणबुडे याचे छापील कोष्टक बाळगतात. भरतीची कमाल उंची आणि ओढ थांबण्याची वेळ या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांचे पहिले सूत्र. आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांना उधाण आणि भांग हा भेद जन्मजात ठाऊक असतो. तद्वत् तेही उधाणाचे दिवस टाळून भांगाचे दिवस निवडतात. ओढ थांबण्यापूर्वी थोडे आधीच उतरतात. वर होडी इंजिन चालू ठेवून बुडबुड्यांच्या मागे फिरत राहते. आणि एवढे करूनही शहाणा पाणबुड्या उतरण्यापूर्वी कोष्टक मिटून पाण्याकडे पाहतो; तरंगत्या बोयाची दोरी कोणीकडे ताणली आहे, शेवाळाच्या पात्या कोणीकडे लवल्या आहेत. कोष्टक म्हणते पाणी थांबले. कड्याजवळचे पाणी कित्येकदा म्हणते, अजून नाही. आमच्या दुसऱ्याच दिवशी असे झाले. कोष्टकाप्रमाणे वेळ झाली होती, आम्ही पोशाख चढवून सज्ज होतो, आणि सोबतच्या अनुभवी बाईंनी पाण्याकडे पाहून मान हलवली. वीस मिनिटे आम्ही होडीत घामाघूम होऊन बसलो. त्या वीस मिनिटांत आम्हास जो धडा मिळाला, तो पंचवीस वर्षांच्या वकिलीत मिळाला नव्हता. त्याकडे पुढे येऊ.

आता अष्टपाद. या प्राण्याला तीन हृदये असतात आणि रक्त निळसर असते, कारण आपल्या रक्तात जे काम लोह करते ते त्याच्या रक्तात तांबे करते. आयुष्य सुमारे तीन ते पाच वर्षे. मादी जन्मात एकदाच वीण घालते. तांदळाच्या दाण्याएवढी हजारो अंडी गुहेच्या छतास माळांनी टांगून ती महिनोन् महिने त्यांच्यापाशी बसते; त्यांच्यावर पाणी फुंकते, त्यांना साफ ठेवते, स्वतः अन्न घेत नाही, आणि पिले बाहेर पडली की मरते. उपवासी मातेची कथा आपल्या व्रतकथांत आहे तशी ती समुद्रातही आहे, एवढेच म्हणून थांबतो. प्राण्यावर मानवी भावनांचा मुलामा चढवणे आम्हास पसंत नाही.

माणसाने या प्राण्याशी कसे वर्तन केले? एप्रिल १९६३ मध्ये याच टॅकोमात अष्टपादांशी कुस्ती खेळण्याची ‘जागतिक’ म्हणवणारी स्पर्धा झाली. १११ पाणबुडे उतरले आणि त्यांनी २५ अष्टपाद गुहांतून ओढून वर आणले. काही खाल्ले गेले, काही मत्स्यालयास दिले, काही परत सोडले. तेव्हा ते कायद्यात बसत होते. पुढे पिढी बदलली. गुहेतून ओढून काढण्यापेक्षा गुहेच्या तोंडाशी स्वस्थ राहून पाहणे अधिक आनंदाचे, असे हळूहळू पाणबुड्यांना वाटू लागले. ठराविक जागी ठराविक गुहा सर्वांच्या परिचयाच्या झाल्या. तेथील प्राण्यास हात लावायचा नाही, असा संकेत कोणी न लिहिता पडला.

२०१२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या दिवशी, सिअ‍ॅटल शहरातील सीक्रेस्ट उद्यानाच्या काठी, एका तरुणाने असा एक अष्टपाद झोंबी करून पाण्याबाहेर आणला. त्याच्याकडे परवाना होता. दिवसास एक अष्टपाद पकडण्याची मुभा नियमात होती. काठावरील इतर पाणबुड्यांनी त्याला विचारले, त्याची छायाचित्रे काढली, आणि गावात वादळ उठले. त्या तरुणाचे नाव आम्ही येथे देणार नाही. त्याला आवश्यकतेहून अधिक शिव्या मिळाल्या आहेत. त्याने कायदा मोडला नव्हता. याच ठिकाणी आमच्या स्नेह्यांचा पहिला आक्षेप उभा आहे, आणि त्यास आमचे उत्तर असे.

परवाना म्हणजे काय? राज्याने दिलेले एवढेच आश्वासन की, अमुक कृत्य केल्याबद्दल आम्ही तुला दंड करणार नाही. यापलीकडे परवान्यात काहीही नसते. ते कृत्य योग्य आहे, शेजाऱ्यास ते रुचेल, त्या जागेचा काही मान मोडत नाही, यांपैकी कशाचीही हमी परवाना देत नाही आणि देऊ शकत नाही. भरवस्तीत, देवळाच्या पालखीच्या वाटेवर, स्वतःच्या मालकीच्या जागेत एखाद्याने ऐन पालखीच्या वेळी कचरा काढून ठेवला, तर आम्ही त्यास कोणत्या कलमाखाली खेचू, हे सांगणे कठीण. पण तुम्ही त्यास सभ्य म्हणाल का? ज्याअर्थी दंड नाही त्याअर्थी दोषही नाही, हा तर्क न्यायालयाच्या उंबरठ्याबाहेर एक पाऊलही चालत नाही. आमच्या पूर्वजांनी राजदंडाचे क्षेत्र आणि धर्माचे क्षेत्र ही दोन ठेवली, ती उगीच नव्हे. पहिले नेहमीच लहान असते, आणि लहान असावे हेच बरे. उरलेले क्षेत्र ओसाड नसते. तेथे लाज, मर्यादा आणि शेजारधर्म राज्य करतात. त्या क्षेत्रातही कलमच हवे असे जो म्हणतो, तो वस्तुतः प्रत्येक घरात एक शिपाई मागत असतो.

आता तो वीस मिनिटांचा धडा. छापील कोष्टक खोटे नसते. ते एका ठिकाणच्या मोजणीवरून केलेले अनुमान असते. कड्याजवळ उतरणाऱ्याने ते पाहिलेच पाहिजे, आणि मग पाण्याकडेही पाहिलेच पाहिजे. कायद्याचे पुस्तक हे असेच कोष्टक आहे. सामान्य प्रसंग मोजून ते रचलेले असते. सीक्रेस्टच्या काठी उभ्या असलेल्या तरुणाने कोष्टक पाहिले. पाण्याकडे, म्हणजे भोवतालच्या माणसांकडे आणि त्या जागेच्या रीतीकडे, पाहिले नाही. त्याचा दोष एवढाच, आणि तो लहान नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो शास्त्राच्या आधाराने येतो. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचे म्हणणे असे होते की, प्यूजेट साउंडमधील अष्टपादांची संख्या धोक्यात असल्याचे दिसत नाही. ते म्हणणे आम्ही जसेच्या तसे मान्य करतो. मग २०१३ मध्ये त्याच राज्याच्या आयोगाने सात ठिकाणी, ज्यांत सीक्रेस्ट, डे आयलंड आणि अतिशय वेगवान प्रवाहाची डिसेप्शन पास ही जागा आहे, हौशी पाणबुड्यांना अष्टपाद पकडण्यास मनाई केली ती कशाच्या जोरावर? इतरत्र तर परवान्यावर पकडण्याची मुभा राहिली. आमचे स्नेही म्हणतात, ही निव्वळ भावविवशता. जनतेच्या ओरडीस घाबरून केलेला नियम.

आमचे मत नेमके उलट आहे. जाती वाचवणे हा रक्षणाचा एक हेतू आहे, एकमेव नव्हे. जर दुर्मिळता हाच निकष असेल, तर आपल्या गावची देवराई उद्या तोडावी लागेल. कारण तिच्यातील पुष्कळशी झाडे घाटात इतरत्र मिळतात. देवराईतील झाड हे दुर्मिळ म्हणून राखलेले नसते. ते त्या जागेचे म्हणून राखलेले असते. सारे रान राखणे माणसास शक्य नाही आणि कदाचित आवश्यकही नाही. पण एक तुकडा असा असावा की जेथे आपला हात आपण होऊन आवरतो, ही समज त्यामागे आहे. वॉशिंग्टनच्या आयोगाने सारा समुद्र बंद केला नाही. ज्या सात जागी माणसे त्या प्राण्यास पाहण्यासाठी वारंवार जात होती, त्या सात जागा राखल्या. यास भावविवशता म्हणणे म्हणजे मर्यादेलाच दुबळेपणा म्हणणे होय.

जागेस हक्क चिकटतो, ही कल्पना कायद्यास नवी नाही. त्याच प्रदेशातील मूळ रहिवाशांनी २६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीक येथे अमेरिकन सरकारशी तह केला. त्यांची बहुतेक जमीन गेली. पण त्यांच्या नित्याच्या, वहिवाटीच्या जागी मासे धरण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पुढे सव्वाशे वर्षे तो हक्क कागदावर राहिला. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की, त्या जागी धरता येण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा तहातील जमातींचा आहे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यत्वेकरून कायम केला. आमच्या स्नेह्यांनी हा खटला अवश्य वाचावा. शे-सव्वाशे वर्षे दडपलेली वहिवाट कशामुळे जिवंत राहिली? ती लिहून ठेवली होती म्हणून.

येथे तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर सुरू होते. आपल्याला काय त्याचे?

आम्ही मासे खातो. श्रावणात सोडतो, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा खातो. त्यात आम्हास लाज वाटत नाही, आणि जो वाचक खात नाही त्याच्यापुढे आम्ही वादही घालत नाही. परंतु मासे खाणाऱ्या समाजानेच सर्वप्रथम हात आवरण्याच्या वेळा आणि जागा ठरवल्या, हे कोणी विसरू नये. नारळ समुद्रास अर्पण होईपर्यंत होडी खोल पाण्यात न्यायची नाही, ही रीत कोणत्याही विधिमंडळाने केली नव्हती. आज १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस जी सरकारी बंदी असते, ती त्याच काळाच्या पोटात येते. देवळाच्या तळीत गळ टाकायचा नाही, हे लहान पोरासही सांगावे लागत नव्हते. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळण कोंडात महाशीर मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर मासे यात्रेकरूंच्या हातून मुरमुरे खातात, आणि तेथे जाळे टाकण्याचे कोणाच्या मनात येत नाही. टॅकोमाच्या पाणबुड्यांना जो संकेत कळण्यास पन्नास वर्षे लागली, तो आपल्या आजीला ठाऊक होता.

हे वाचून छाती फुगवण्याचा मोह ज्यांस होत असेल, त्यांनी पुढील वाक्य वाचावे. कर्नाटकात शिशिल येथे कपिला नदीत, देवळाच्या पायाशी, पिढ्यान् पिढ्या राखलेल्या माशांवर १९९६ साली विषप्रयोग झाला आणि हजारो मासे मेले. पाण्यात विष कालवून मासे मारणे हा ब्रिटिश अमदानीतील १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवला होता. म्हणजे तेथे कायदाही होता आणि रूढीही होती, आणि दोहोंनी मासे वाचले नाहीत. केवळ ‘आमच्या संस्कृतीत हे आहेच’ असे म्हणून भागत नाही. संस्कृती ही रोज राखणाऱ्या माणसाच्या रूपानेच असते. तो माणूस उठून गेला की ती उरत नाही.

याच्या उलट टोकाचा दाखलाही आपल्या किनाऱ्यावर आहे. १९८७ साली मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतू उत्तम होता. परंतु ज्यांच्या पोटावर त्याचा परिणाम होणार त्या मच्छीमारांचा त्यास विरोध झाला आणि तो मिटला नाही. वरून उतरलेला नियम काठावरच्या माणसाच्या मनात रुजला नाही. वॉशिंग्टनमधील नियमाचे बळ यात होते की, प्रथम संकेत पडला, मग तो मोडला, मग लोक भांडले, मग पाणबुडे व मासे पकडणारे यांच्या प्रतिनिधींना बसवून विचार झाला, आणि शेवटी नियम आला. रूढी आधी, कायदा नंतर. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे आपण मंगलकार्यात म्हणतो. येथे ते अक्षरशः घडले.

आता वकील म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण या लेखाचे सारे प्रयोजन तीत आहे. आपल्या संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात कायदा या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेल्या रूढी व परिपाठाचा समावेश केलेला आहे. परंतु न्यायालय रूढी मानते ती केव्हा? ती प्राचीन असली पाहिजे, निश्चित असली पाहिजे, अखंड पाळलेली असली पाहिजे आणि वाजवी असली पाहिजे. आणि हे सारे पुराव्याने शाबीत झाले पाहिजे. सीक्रेस्टच्या पाणबुड्यांचा संकेत निश्चित होता, वाजवीही होता. प्राचीन मात्र नव्हता. म्हणून त्यांना नव्या नियमाकडे धाव घ्यावी लागली. आपले संकेत प्राचीन आहेत, वाजवी आहेत. पण निश्चित आहेत का? तुमच्या देवस्थानच्या देवराईची हद्द कोठून कोठपर्यंत, हे आज किती महाजन सांगू शकतील? तळीत मासे धरायचे नाहीत, हे कोणत्या ठरावात लिहिले आहे? नदीचा कोणता डोह राखीव, हे सांगणारा म्हातारा गेल्या वर्षी वारला असेल, तर साक्ष कोण देणार? उद्या एखादा सभ्य गृहस्थ हातात परवाना घेऊन येईल आणि विचारील, ‘यात बेकायदेशीर असे काय आहे?’ तेव्हा तुम्ही आमच्याकडे धावत याल, आणि आमच्या हाती पुरावा म्हणून देण्यास तुमच्या आजीच्या आठवणीवाचून काही नसेल. प्राचीनता आपली, आणि खटला त्यांचा, असे होईल.

म्हणून आमची मागणी भावनेची नाही, दप्तराची आहे. फोंड्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूर-बडोद्याच्या मराठी देवस्थानांपर्यंत, प्रत्येक व्यवस्थापक मंडळाने येत्या वार्षिक सभेत एक विषय घ्यावा. आपल्या राखलेल्या जागा कोणत्या. त्यांच्या हद्दी काय. तेथे काय करायचे नाही. ही रीत कोण किती वर्षे पाळत आले. वृद्धांचे जबाब घ्यावेत, सह्या घ्याव्यात, नकाशा जोडावा, ठराव इतिवृत्तात नोंदवावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. यास शाईवाचून खर्च नाही. जेथे रीत मोडली असेल तेथे ती मोडल्याचेही प्रांजळपणे लिहावे. खोटी प्राचीनता न्यायालयात एका उलटतपासणीत कोसळते. आणि ज्यांचे पोट त्या पाण्यावर अवलंबून आहे त्यांना सभेस प्रथम बोलवावे, शेवटी नव्हे. मालवणचा धडा तोच आहे.

आमच्या स्नेह्यांचा एक शेवटचा उपप्रश्न आम्ही विसरलो नाही. पानावर बसता बसता ते म्हणाले होते, ‘पाण्याखाली जाऊन पाहण्यात तरी कोणता पुरुषार्थ? तोही उपद्रवच.’ यात थोडे सत्य आहे. पाहणाऱ्यांची गर्दीही उपद्रव करते. दिव्याने गुहा उजळत राहणे, हात लावणे, छायाचित्रासाठी प्राण्यास डिवचणे, हे सर्व आम्ही पाहिले आहे. ज्यांनी नियम मागितला त्या पाणबुड्यांनाही स्वतःचा हात आवरावा लागेल. नाही तर परवानेवाल्या तरुणाहून ते फारसे वरचढ ठरणार नाहीत. परंतु हेही खरे की, पाहणारा नसता तर साक्षीदार नसता. १९६३ साली २५ अष्टपाद काठावर ओढले गेले तेव्हा त्यांच्या वतीने बोलणारा समाज उभा झाला नव्हता. २०१२ साली एकच ओढला गेला आणि शेकडो माणसे उभी राहिली, कारण त्यांनी तो कडा थंड पाण्यात, ओढ थांबण्याची वाट पाहत, पुनःपुन्हा पाहिला होता. ज्याने जागा पाहिली नाही तो तिची साक्ष देऊ शकत नाही. आपल्या देवस्थानच्या राईत, तळीवर, डोहावर आपण शेवटचे केव्हा गेलो होतो, हा प्रश्न प्रत्येक महाजनाने स्वतःस विचारावा.

आमच्या स्नेह्यांस विनंती की, त्यांनी याचे उत्तर द्यावे. संपादक ते छापतील अशी खात्री आहे. आणि उत्तर देण्यापूर्वी त्यांनी एवढे करावे: आपल्या गावच्या तळीच्या काठी एकदा उभे राहावे आणि तेथे गळ टाकून बसलेल्या एखाद्या परक्या माणसाची कल्पना करावी. त्याच्या खिशात परवाना आहे असेही मानावे. त्याला पाहून आपण ‘कायद्यात बसते’ असे म्हणून घरी परत जाल का? जाणार असाल तर आमचा युक्तिवाद संपला. पण आम्ही आपणास तीस वर्षे ओळखतो. आपण जाणार नाही.